दीपन (२०१५): शेवट खरंच एवढा वाईट आहे का? (स्पॉयलर आहेत, बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा)

मधल्यासुट्टीतला

दहा वर्षं उशिरा धागा काढतोय हे मान्य. आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी पिक्चर बघतो, यावेळी माझी पाळी होती, मी ज्याक ओदियारचा ‘दीपन’ लावला. कारण एवढंच की २०१५ ला कान महोत्सवात पाल्म द’ओर (तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस) मिळालेला आणि शरणार्थी श्रीलंकेचे तमिळ म्हणजे आपल्या शेजारचे, सिरियाबिरियासारखं सगळं आधी समजून घ्यायला नको.

न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. २००९, श्रीलंकेतलं युद्ध संपत आलंय, तमिळ वाघांचा (एलटीटीई) एक लढवय्या आपल्या मेलेल्या साथीदारांना अग्नी देतो, अंगावरचा युनिफॉर्म पण त्याच जाळात टाकतो. निर्वासितांच्या छावणीत एक बाई, याळिनी, अनाथ पोर शोधत फिरतेय, कारण कुटुंब असेल तर बाहेर निघायचे चान्स जास्त. नऊ वर्षांची इलयाळ सापडते. मग तीन मेलेल्या माणसांचे पासपोर्ट घेऊन हे तीन अनोळखी लोक नवरा-बायको-मुलगी म्हणून फ्रान्सला पोचतात. दीपन हे पण त्या मेलेल्याचंच नाव. पॅरिसबाहेरच्या एका सरकारी घरांच्या वस्तीत त्याला केअरटेकरचं काम मिळतं, टपाल लावायचं, जिने झाडायचे, आणि ती वस्ती ड्रग विकणाऱ्या पोरांच्या ताब्यात.

पहिला दीड तास आमच्याकडे कुणी चहाला उठलं नाही, खरंच. आणि मग शेवटची वीस मिनिटं. वस्तीत गोळीबार, बाई अडकलेली, हा कोयता आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन धुराने भरलेल्या जिन्यातून वर निघतो आणि एकेकाला आडवा करतो. आणि धाडकन इंग्लंड! ऊन, हिरवळ, कडेवर बाळ, सगळे हसतायत. आमच्यातला एक जण म्हणाला साऊथचा पिक्चर संपला, टाळ्या वाजवा. मी चिडलो पण उत्तर नव्हतं.

मग रात्री परीक्षणं वाचत बसलो. इंग्रजीतले बरेच जण खूश, पण त्यातलेही शेवटाशी आले की चाचरतात. काही फ्रेंचांनी तर धुतलाय, म्हणे आमच्या वस्त्यांना युद्धभूमी दाखवलं आणि इंग्लंडला स्वर्ग. कान वाले पण बरेच नाराज होते की ‘सन ऑफ सॉल’, ‘कॅरल’, ‘द असॅसिन’ असताना ह्याला का, कोएन बंधू ज्यूरीचे अध्यक्ष होते म्हणून मारामारीला बक्षीस वगैरे.

तर प्रश्न असा की तुम्हाला शेवट कसा वाटला? स्वप्न आहे की खरं? आणि दीड तास एवढं संयमाने सांगणाऱ्याला शेवटी ही जोड का द्यावीशी वाटली असेल?

---

खारी_बिस्कीट

स्वप्न. माझ्यासाठी विषय संपला :-)

सिरियसली, जिन्यातला सीन परत बघा. कॅमेरा खाली पायांपाशी आहे, धूर आहे, मारतोय कुणाला ते नीट दिसतच नाही. बाकी अख्ख्या पिक्चरमध्ये असं शूट केलेलं काहीच नाही. ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या शेवटाबद्दल लोक पन्नास वर्षं भांडतायत तसलंच प्रकरण आहे हे, दीपन जिन्यातच मेला आणि पुढचं सगळं डोक्यातलं असं धरा, पिक्चर लगेच वेगळा होतो. मध्ये मध्ये तो जंगलातला हत्ती दाखवतो ना, पानांमागून हळू बाहेर येणारा, तो तरी कुठे खरा आहे? म्हणजे दीपनच्या डोक्यात आपण आधीपासून जातोय.

आणि इंग्लंड ही दीपनची आयडियाच नाही, ती याळिनीची आहे. तिची बहीण लागते कुणीतरी तिथे, तिला पहिल्यापासून तिकडेच जायचंय, मध्ये ती पळून स्टेशनपर्यंत जाते पण, आणि हा तिला अडवून परत आणतो, पासपोर्ट काढून घेतो. मग शेवटी तिचं स्वप्न दाखवलं तर बिघडलं काय?

जाता जाता, याळिनी झालेली कालीस्वरी श्रीनिवासन नाटकातली आहे, हा तिचा पहिला पिक्चर. मला विचाराल तर पिक्चर तिचा आहे. ती ज्या आजारी म्हाताऱ्याकडे स्वयंपाकाला जाते तिथे तो नुकताच जेलमधून सुटलेला, पायात इलेक्ट्रॉनिक कडं घातलेला ब्राहिम असतो, तो फ्रेंचमध्ये बोलतो, ही तमिळमध्ये, दोघांना एकमेकांचं काही कळत नाही आणि तरी दोघं मन मोकळं करतात. असा सीन वर्षातून एखादा बघायला मिळतो.

---

मधल्यासुट्टीतला

ते स्वप्नाचं पटतंय अर्धं. पण जो शेवट स्वप्न म्हटल्याशिवाय सहनच होत नाही तो शेवट चांगला कसा म्हणायचा? आणि तुम्हीच म्हणताय पिक्चर तिचा आहे, मग शेवटी ती कोपऱ्यात रडत बसते आणि हा येऊन सोडवतो. दीड तास जी बाई स्वतःच्या डोक्याने चालते तिची शेवटी हिरॉईन करून टाकली.

---

ला_शापेलकर

नऊ वर्षं पॅरिसमध्ये आहे (आयटी, दुसरं काय), त्यामुळे दोन गोष्टी सांगतो, थोडं लांबेल.

एक, तमिळ लोक. गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेलचा भाग आहे, फोबूर सें-दनी रस्त्याचा वरचा तुकडा, त्याला लिटल जाफनाच म्हणतात. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, ओला नारळ, इडली रवा, सगळं तिथे, साड्यांची दुकानं, सोनार, एकावर एक. इथला प्रत्येक मराठी माणूस महिन्यातून एकदा तरी तिकडे जातोच, पोह्यांसाठी तरी. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथल्या माणिक्क विनायकर देवळाचा रथ निघतो तो बघाच कधी आलात तर, रस्त्यावर नारळांचे ढीग रचतात आणि फोडतात, कापूर, नादस्वरम, फ्रेंच पोलीस बाजूला उभे. आमचा गणपती हॉलमध्ये दीड दिवसाचा, त्यांचा रस्त्यावर. तर ह्या सगळ्या गजबजलेल्या समाजातलं पिक्चरमध्ये फार थोडं येतं. एक देऊळ, एक तो वाघांचा कर्नल, बाकी हे तिघं एकटे. कथेची गरज असेल, पण खऱ्या आयुष्यात दीपनला तिसऱ्या दिवशी कुणीतरी गाववाला भेटला असता, त्याने त्याला कुठल्यातरी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये चिकटवलं असतं, आणि चिटफंडात पण घेतलं असतं.

दोन, वस्त्या. इथे त्यांना सिते म्हणतात आणि शहराबाहेरच्या त्या पट्ट्याला बाँल्यू. शूटिंग पॅरिसच्या पश्चिमेला प्वासी म्हणून गाव आहे तिथल्या ला कुद्रे वस्तीत झालंय. आता फ्रेंच समीक्षक का चिडले ते समजून घ्यायला हवं. २००५ ला ह्याच पट्ट्यात तीन आठवडे दंगली झाल्या, आणीबाणी लावली होती सरकारने. तेव्हापासून तिथे राहणाऱ्यांची तक्रार एकच, की टीव्हीवाले येतात ते गाडी जळाली तरच येतात. माझ्या टीममधला एक जण तशाच वस्तीत वाढलेला आहे, आईवडील मालीचे, तो म्हणतो आमच्याकडे लिफ्ट बंद असते ही खरी बातमी आहे, गोळीबार नाही. आणि पिक्चरमध्ये काय आहे, तमिळ माणूस आतून दाखवलाय, त्याचा राग, त्याचं दुःख, त्याची दारू पिऊन तळघरात युद्धगीत म्हणायची रात्र, सगळं. आणि ती पोरं? ती फक्त जिन्यात उभी असतात. म्हणजे एका परक्याला माणूस करायला दुसऱ्या परक्यांना भूत केलं. एक ब्राहिम सोडला तर. माझी तक्रार ह्याच्यावर आहे, शेवटावर नाही. लाज ली हा दिग्दर्शक मोंफेर्मेलचाच, म्हणजे असल्याच बाँल्यूतला पोरगा, त्याने २०१९ ला ‘ले मिझेराब्ल’ काढला, त्यात पण दंगा आहेच, जिन्यातच आहे, पण तिथल्या प्रत्येक पोराला आई आहे.

आणि वेळ पण लक्षात घ्या. पिक्चर इथे ऑगस्ट २०१५ च्या शेवटी लागला. त्याच वर्षी दहा लाखाच्या वर लोक समुद्रातून युरोपात आले, रोज बातम्यांत बोटी. नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये हल्ले झाले. अशा वर्षात एखादा दिग्दर्शक म्हणतो की हा शरणार्थी भला माणूस आहे पण त्याच्या हातात कोयता दिला की तो काय करेल सांगता येत नाही, तर डावे पण चिडणार आणि उजव्यांना पण आयतं मिळणार.

---

चेन्नैतला_चिपळूणकर

आधी नावाचं. ते धीपन नाही आणि ढीपन तर अजिबात नाही (वर कुणी म्हटलेलं नाही पण म्हणतात लोक). तमिळमधलं ते दीपन, आपल्या दीपातलं. याळिनी मधला याळ म्हणजे जुनं तंतुवाद्य, आणि जाफन्याचं तमिळ नाव याळ्पाणम, त्यातलाच याळ. म्हणजे बाई नावातच गाव घेऊन फिरतेय.

आता शेवटाबद्दल, मूळ प्रश्नकर्त्याने ‘जोड’ म्हटलंय. उलट आहे. ज्याक ओदियार स्वतः सांगतो की सुरुवात ‘स्ट्रॉ डॉग्ज’ वरून झाली, १९७१ चा सॅम पेकिनपाचा पिक्चर, शांत माणूस घरात कोंडला गेल्यावर हिंस्र होतो तो. तसं काहीतरी एका सितेमध्ये करायचं होतं. म्हणजे शेवट आधी आला, तमिळ माणसं नंतर! त्याला फ्रान्सच्या जुन्या वसाहतींतले लोक नको होते, भाषा अजिबात न येणारे हवे होते, म्हणून शोधत शोधत श्रीलंकेपर्यंत पोचला. जोड दिलीय ती पहिल्या दीड तासाची, आणि ती मूळ कापडापेक्षा भारी निघाली. म्हणून शिवण दिसते.

पण एका गोष्टीवर तुम्ही सगळ्यांनी उडी मारलीत आणि समीक्षकांनी पण बहुतेकांनी दोन शब्दांत संपवलीय. गोळीबारानंतर दीपन वस्तीच्या मधोमध जमिनीवर पांढरी रेघ मारतो आणि म्हणतो इकडे नो फायर झोन. पोरं हसतात, दगड मारतात. परदेशी परीक्षणात हे ‘आता हिरो जागा झाला’ असं वाचलंय मी. अहो, नो फायर झोन हा शब्द कुठल्याही श्रीलंकन तमिळ माणसाला विचारा. २००९ च्या जानेवारीपासून सरकार एकामागून एक पट्टे जाहीर करत गेलं, इथे या, इथे तोफा डागणार नाही, लोक लाखोंनी तिकडे गेले, आणि तिथेच तोफा डागल्या. शेवटचा पट्टा मुळ्ळिवाय्क्कालचा, समुद्र आणि खाडीच्या मधली वाळू. युनोच्या तज्ज्ञांच्या समितीने २०११ ला लिहिलंय की त्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारापर्यंत साधे नागरिक मेले असू शकतात. वाघांनी पण त्या लोकांना बाहेर जाऊ दिलं नाही, पळणाऱ्यांवर गोळ्या घातल्या, हे पण त्याच अहवालात आहे. तर ज्या माणसाने असली रेघ मोडताना बघितलीय तो परत तीच रेघ मारतोय. त्याला बहुतेक माहितीय की ती मोडणार. मला तो सीन बघून पोटात कसंतरी झालं, आणि शेजारी बसलेला (मराठी!) मित्र म्हणाला लक्ष्मणरेषा.

आणि दीपनचं काम करणारा माणूस. अँथनीदासन जेसुदासन, तमिळमध्ये शोभाशक्ती नावाने लिहितो, नामांकित लेखक आहे. पोरगेला असताना वाघांत होता, मग संघटना सोडली, थायलंडमार्गे १९९३ ला फ्रान्सला पोचला, तिथे मिळतील ती कामं केली. पिक्चर अर्धा माझ्याच आयुष्यातला आहे असं त्याने सांगितलंय. पण लेखक म्हणून तो वाघांवर कडक टीका करतो, म्हणून परदेशातल्या तमिळांमधला एक मोठा गट त्याच्यावर खार खाऊन असतो. तमिळ लोकांची या पिक्चरवरची टीका तुम्हाला इंग्रजीत फारशी सापडणार नाही, पण ती वेगळीच आहे. त्यांना सिते कशी दाखवली याचं काही पडलेलं नाही. ते म्हणतात युद्ध का झालं हे एका वाक्यात पण नाही. १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींचं नाव नाही, सिंहली सैन्य जवळजवळ दिसतच नाही. दिसतो कोण, तर पॅरिसमध्ये बसून अजून शस्त्रांसाठी पैसे गोळा करायला लावणारा दारुडा कर्नल. म्हणजे फ्रेंच म्हणतात आमची बदनामी, तमिळ म्हणतात आमची बदनामी. ओदियारने कमाई चांगली केलीय.

---

खारी_बिस्कीट

नो फायर झोनचं डोक्यातच आलं नव्हतं. परत बघते आज.

---

फौजीचा_मुलगा

मी जरा वेगळं बोलणार, रागावू नका.

माझे वडील ८८-८९ ला श्रीलंकेत भारताच्या शांतिसेनेत त्रिंकोमालीला होते. परत आले, पण त्यांच्या कंपनीतले काही आले नाहीत. जवळपास बाराशे जवान गेले आपले त्या बेटावर आणि आज कुणाला आठवत पण नाही. १९९१ चं, राजीव गांधींचं, तर सगळ्यांनाच माहितीय. त्यामुळे वाघ म्हटला की आमच्या घरी वेगळं वातावरण असतं. मी हा पिक्चर वडिलांबरोबर बघितला (चूक केली असं वाटलं सुरुवातीला), ते पूर्ण वेळ गप्प. युनिफॉर्म जाळतो तिथे म्हणाले, बूट नाही जाळले त्याने, बूट कुणी जाळत नाही. मी मागे घेऊन बघायला लागलो तर म्हणाले राहू दे, पुढे लाव.

माझा मुद्दा हा की शेवटावर टीका करणारे म्हणतात ‘शरणार्थ्याला हिंसक दाखवलं’. पण हा साधा शरणार्थी नाहीये ना? लढवय्या आहे, त्याने माणसं मारलीयेत, किती ते पिक्चर सांगत नाही. आपल्याला तो पहिल्या पाच मिनिटांतच आवडायला लागतो कारण तो थकलेला दिसतो आणि प्रेतांना अग्नी देतो. त्याने कुणाला मारलं ती प्रेतं कुठे दाखवली? शेवटच्या जिन्यात ते बिल पहिल्यांदा समोर येतं. त्या अर्थी मला तो शेवट सगळ्यात खरा वाटला, इंग्लंड सोडून. वडील म्हणाले जिन्यात असं कुणी जात नाही, मरतं. म्हणजे ते खारी बिस्कीटताईंच्या बाजूने :-)

---

चेन्नैतला_चिपळूणकर

@फौजीचा_मुलगा, वडिलांना नमस्कार सांगा. बुटांचं वाचून गप्प झालो.

शांतिसेनेबद्दल इथल्या तमिळांकडून दुसरी बाजू पण बरीच ऐकलीय, पण तो धागा वेगळा, इथे नको.

---

अटकेपार_झेंडे

अमेरिकेतून. मला ‘दीपन’ आवडतो तो मुख्यतः तो ‘द गुड लाय’ नाहीये म्हणून. २०१४ चा, सुदानच्या लॉस्ट बॉइजवरचा. गावं जाळल्यावर हजारो पोरं चालत इथिओपियाला गेली, तिथून पण १९९१ ला हाकलली, मग केनियात काकुमाच्या छावणीत वर्षानुवर्षं, आणि २००१ च्या आसपास त्यातली साडेतीन हजारच्या वर अमेरिकेने आणून ठिकठिकाणी वसवली. मोठी गोष्ट. आणि पोस्टरवर कोण? रीझ विदरस्पून, सगळ्यात मोठी, आणि सुदानी पोरं मागे. पिक्चरमध्ये ती येते अर्ध्या तासाने! गोऱ्या तारणहाराचा पिक्चर म्हणून इथे टीका झाली ती मुख्यतः पोस्टरमुळेच, पिक्चर तेवढा वाईट नाही. एक पोरगा सुपरमार्केटमध्ये कामाला लागतो आणि त्याला सांगतात हे तारीख उलटलेलं अन्न फेकून दे, तो नोकरीच सोडतो, एवढं चांगलं आहे. त्यातले दोघं, गेर दुआनी आणि इमॅन्युएल जाल, स्वतः लहानपणी हातात बंदूक घेतलेले आहेत. पण पिक्चर त्यांना सारखा गोड करून दाखवतो, फोन वाजला की घाबरतात, लोक हसतात. प्रेक्षकाला कुठेही बोचू नये याची पूर्ण काळजी.

गंमत म्हणजे दोन्ही पिक्चर एकाच गोष्टीवर उभे आहेत, दुसऱ्याच्या नावाचा पासपोर्ट. तिकडे एक भाऊ स्वतःचे कागद दुसऱ्याला देऊन मागे राहतो, म्हणून ते ‘चांगलं खोटं’, डोळे पुसत घरी जा. इकडे तीन मेलेल्यांची नावं चोरून तिघं निघतात, आणि त्यांच्यात प्रेमबिम काही नाही, बाई तर पोरीला तोंडावर सांगते मी तुझी आई नाही. माझ्या मते समीक्षकांची खरी अडचण ही आहे, शरणार्थी चांगलाच असायला लागतो. तो रडका, आभारी, हसरा असला की चार तारे. ह्याने कोयता उचलला की ‘सूर बिघडला’.

आणि हो, हा तोच ओदियार ज्याचा ‘एमिलिया पेरेझ’, तेरा ऑस्कर नामांकनं आणि मेक्सिकोतल्या लोकांच्या शिव्या, कारण मेक्सिकोची गोष्ट, शूटिंग बहुतेक फ्रान्समध्ये, आणि दिग्दर्शकाला स्पॅनिश येत नाही. ‘दीपन’च्या वेळी तमिळ पण येत नव्हतीच. तेव्हा ते धाडस होतं, आता उद्धटपणा झाला. माणूस तोच.

---

मधल्यासुट्टीतला

@अटकेपार, पटलं नाही पूर्ण. मला कोयत्याचा त्रास नाही झाला. त्रास झाला तो कोयत्याने सगळं *सुटलं* याचा. फौजींचे वडील म्हणतात तसा तो जिन्यात मेला असता, किंवा जगून जेलमध्ये गेला असता, तर मी एक शब्द बोललो नसतो. मारलं, आणि बक्षीस म्हणून खरी बायको, खरं बाळ, चांगला देश! ते ‘खोटं कुटुंब हळूहळू खरं होतंय’ हे इतकं हळू विणलं होतं हो, शाळेच्या गेटपाशी ती पोरगी म्हणते बाकीच्या आया पापा घेतात तसा घे, आणि याळिनीला तो घेता येत नाही नीट. आणि ती ओढणी डोक्यावरून घेते बाकीच्या बायकांसारखं दिसायला, कारण ह्या देशात असंच असतं असं तिला वाटतं. आणि दीपनला लोकांचे विनोद कळत नाहीत, शब्द कळतात पण हसू का येतं ते नाही, आणि ती म्हणते तू तमिळमध्ये पण विनोदी नाहीस. असं चाललेलं असताना शेवटी एका मिठीत सगळं पक्कं करून टाकलं. रजिस्टर लग्न लावल्यासारखं.

इलयाळ तर शेवटच्या अर्ध्या तासात जवळजवळ गायबच आहे. तिचं काय झालं असेल, तिने तो गोळीबार कुठून ऐकला, कुणी विचारत नाही. परीक्षणांमध्ये पण तिच्याबद्दल एखादंच वाक्य. अख्ख्या घरात फ्रेंच फक्त तिला येतं, सगळे कागद ती वाचते. माझ्यासाठी तो पिक्चर तिच्या बाजूने बघायला आवडला असता.

---

ला_शापेलकर

हे इलयाळचं एकदम बरोबर. इथे बघतो मी, दुकानात, दवाखान्यात, आठ-दहा वर्षांची पोरं आईवडिलांचे दुभाषे झालेली असतात. ब्लड रिपोर्ट आईला पोरगी समजावून सांगते, आणि त्यातलं काय गाळायचं ते पण तीच ठरवते.

आणि दुभाष्यावरून, आश्रयाच्या मुलाखतीचा तो सीन. त्या अर्जांचं ऑफिस फोंतने-सू-ब्वाला आहे, ओफप्रा म्हणतात, नाही मिळालं तर अपील मोंत्रय्यला. सगळं तुमच्या गोष्टीवर अवलंबून, गोष्ट पटली पाहिजे. पिक्चरमध्ये दीपन पाठ केलेलं बोलायला लागतो आणि तो तमिळ दुभाष्या अधिकाऱ्याला काही कळू न देता त्याला तमिळमध्येच झापतो की हे सगळेच सांगतात, हे नको. मला तो सगळ्यात तंतोतंत सीन वाटला आणि त्यावर कुठल्याच परीक्षणात फारसं नाही. म्हणजे इथे खरं दुःख पुरत नाही, ते नीट *सांगावं* लागतं, आणि जरा वेगळं असावं लागतं.

बरं, काल शनिवारी ला शापेलला गेलो होतो, हा धागा डोक्यात होताच, तर ज्या दुकानातून नारळ घेतो त्या अण्णाला विचारलं, दीपन बघितलात का. पंचवीसेक वर्षं झाली त्याला इथे. म्हणाला लागला तेव्हाच गेलो होतो बायकोला घेऊन, फुल तमिळ पब्लिक होतं. मुलाखतीच्या सीनला अख्खं थिएटर हसलं म्हणे! मी चाट. म्हणाला हसणार नाही तर काय, प्रत्येकाने तीच गोष्ट सांगितली होती. मग मी शेवटाबद्दल विचारलं, स्वप्न की खरं. त्याला प्रश्नच कळला नाही आधी. मग आत बघून त्याने बायकोला हाक मारून विचारलं. ती फ्रीझरमध्ये मासे लावत होती, वर न बघता म्हणाली, “इंग्लंडचा व्हिसा कुणी दिला?”

---

खारी_बिस्कीट

व्हिसाचं सोडा, त्या बाळाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव काय लिहिलं असेल? दीपन तर मेलेल्याचं नाव.

---

अटकेपार_झेंडे

झालं, आता पन्नास प्रतिसाद अजून :-)

तोवर एक विचारतो, शोभाशक्तीने ‘दीपन’च्या आधी लीना मणिमेकलैच्या ‘सेंगडल’मध्ये काम केलं होतं, धनुष्कोडीच्या कोळ्यांवरचा आहे, तो कुणी बघितलाय का आणि सबटायटलसकट कुठे मिळेल?

---

चेन्नैतला_चिपळूणकर

बघितलाय, इथे एका छोट्या स्क्रीनिंगला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.